ऑनलाइन भाडेकरार नोंदणी (पुणे): नोंदणी चोख, दुरुस्तीची कलमं मात्र स्वतः लिहून घ्या

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवरून होणारी लिव्ह अँड लायसन्स कराराची ई-नोंदणी पुण्यात आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. एजंट लॅपटॉप, थंब मशीन आणि वेबकॅम घेऊन घरी येतो. घरमालक मुंबईत आणि भाडेकरू वाकडला असला तरी दोघांचे थंब वेगवेगळ्या वेळी घेता येतात. काही दिवसांत नोंदणी झालेला दस्त पीडीएफमध्ये हातात पडतो. बँक, गॅस कनेक्शन, शाळेचा प्रवेश, पोलिसांकडची भाडेकरू नोंद, सगळीकडे तो चालतो. नोंदणीची सेवा म्हणून तिला पाचपैकी साडेचार द्यायला हरकत नाही.

पण फ्लॅटमध्ये काही बिघडलं तर कोणी दुरुस्त करायचं, खर्च कोणाचा आणि भिंतीला हात लावायचा तर कोणाची परवानगी, याचं उत्तर शोधायला हाच दस्त उघडला तर त्याला पाचपैकी दोन. पोर्टलचा तयार मसुदा या बाबतीत चार-सहा ओळींत आटोपतो. गंमत म्हणून सोडून देण्यासारखी ही त्रुटी नाही, कारण डिपॉझिटवरून होणारे बहुतेक वाद नेमके इथेच पेटतात. हे परीक्षण मुख्यतः त्या चार-सहा ओळींबद्दल आहे.

आधी पैशांचं थोडक्यात. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, आणि ते पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक 10 टक्के दराचं व्याज, अशा बेरजेवर लागतं. महिना 25,000 भाडं, 1 लाख डिपॉझिट आणि 11 महिने मुदत असेल तर बेरीज 2,84,000 च्या पुढे जाते आणि शुल्क सातशे-आठशेच्या घरात येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, ग्रामीण भागात 500. शिवाय दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची फी. करार 60 महिन्यांपर्यंत करता येतो. 11 महिन्यांचाच केला पाहिजे असं काही नाही, आणि 11 महिन्यांच्या आतला असला की नोंदणी लागत नाही हा समज तर साफ चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवणं मालकाच्या अंगावर येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिलं तर नोंदणी टाळणारा मालक स्वतःच्याच अटी गमावतो.

मसुदा काय म्हणतो

घरी आलेला एजंट सहसा तीन गोष्टी विचारतो: भाडं किती, डिपॉझिट किती, किती महिने. बाकी मजकूर आधीच भरलेला असतो. त्यात आपल्या कामाची कलमं अशी: परवानाधारकाने, म्हणजे राहणाऱ्याने, जागा आहे त्या स्थितीत सांभाळायची, त्याच्याकडून नुकसान झालं तर स्वखर्चाने भरून द्यायचं, नेहमीच्या वापराची झीज वगळून. मालकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय आत-बाहेर कसलाही फेरबदल करायचा नाही. मालकाने पूर्वसूचना देऊन जागेची पाहणी करायला यायला हरकत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स आणि कर मालकाकडे, विजेचं बिल राहणाऱ्याकडे. आणि दिलेल्या वस्तूंची यादी दुसऱ्या अनुसूचीत.

यात काय नाही ते पाहा. राहणाऱ्याच्या हातून नुकसान झालं तर तो भरणार, हे आहे. पण आपोआप बिघडलेलं, जुनं झालेलं किंवा भिंतीच्या आत फुटलेलं कोणी दुरुस्त करायचं, यावर एक शब्द नाही. मालकाने किती दिवसांत दुरुस्ती करायची, नाही केली तर काय, दुरुस्तीच्या काळात बाथरूम बंद राहिलं तर भाड्याचं काय, हेही नाही.

ही पोकळी कायदा भरून काढेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. 1999 च्या कायद्याचं कलम 14 घरमालकावर जागा राहण्यायोग्य ठेवण्याचं बंधन घालतं. मालकाने दुर्लक्ष केलं तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षभरात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण हे कलम भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो, भाडेकरू नव्हे. त्याला कलम 14 आपोआप लागू होत नाही. त्याच्या हातात काय आहे, तर फक्त त्याचा करार. म्हणून करारात लिहिलेल्या किंवा न लिहिलेल्या प्रत्येक ओळीला इतकं वजन येतं.

(जिथे कलम 14 खरोखर लागू होतं तिथेही ते पुरत नाही. कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या वाड्यात महिना 150 रुपये भाडं भरणाऱ्या कुटुंबाचं वर्षाचं भाडं 1,800 होतं, त्याचा चौथा हिस्सा 450. तेवढ्यात कौलं शाकारण्याचा एक दिवसाचा मजूरसुद्धा येत नाही. त्यामुळे वाड्यांमध्ये दुरुस्ती दोन्हीकडून रखडते, आणि पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागते.)

एक तयार नमुना आहे, तो उपयोगी पडतो. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्त्यांची वाटणी दिली आहे. महाराष्ट्रात आपला 1999 चाच कायदा चालतो, पण ती वाटणी करारात उचलून घ्यायला कोणी अडवत नाही. मालकाकडे: इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींचा आणि दारं-खिडक्यांचा रंग, नळाच्या पाइपलाइन बदलणं, वायरिंग. राहणाऱ्याकडे: नळ आणि वॉशर, तुंबलेली गटारं, कमोड-बेसिनची दुरुस्ती, गिझर, एमसीबी, स्विच-सॉकेट, दारांच्या कड्या-कुलपं, मच्छरजाळ्या, खिडकीच्या काचा.

पुण्यासाठी यात निदान एक दुरुस्ती करायलाच हवी, आणि ती गिझरची. खडकवासल्याचं पाणी येतं त्या भागात गिझर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. पण वाघोली, उंड्री, पिसोळी, मांजरी, सूस या पट्ट्यात बोअर आणि टँकरचं जड पाणी असतं. त्या पाण्यात 15 लिटरच्या गिझरच्या एलिमेंटवर क्षाराचा पांढरा थर चढतो, उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतून तापून फुटतं. मग करंट पाण्यात उतरतो आणि घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो. राहणाऱ्याला वाटतं वायरिंग बिघडलं. प्रत्यक्षात गिझरचा पिन काढून ईएलसीबी वर केला आणि तो टिकला, तर दोष गिझरचा. हे वापराचं नुकसान नव्हे, पाण्याचं आहे. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी कधी बदलली होती हे राहायला आलेल्या माणसाला ठाऊक असण्याचं कारण नाही. म्हणून जड पाण्याच्या भागात एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि कांडी मालकाकडे, आणि राहणाऱ्याने बिघाड लगेच कळवायचा, ही वाटणी न्याय्य आहे.

बाकी किरकोळ दुरुस्त्यांसाठी रकमेची मर्यादा हा सर्वांत व्यवहारी उपाय. एका वेळच्या 1,500 रुपयांपर्यंतची दुरुस्ती राहणाऱ्याची, त्यावरची पूर्ण रक्कम मालकाची, असं सरळ लिहावं. इथे एक शब्द नीट पाहा: "त्यावरची रक्कम" लिहिलं तर 4,000 च्या बिलात 1,500 राहणाऱ्याचे आणि 2,500 मालकाचे. "त्यावरची दुरुस्ती पूर्णपणे मालकाची" लिहिलं तर सगळे 4,000 मालकाचे. दोन्ही चालतं, पण कोणतं ते आधी ठरलेलं हवं.

गळती: इथे करार सर्वांत जास्त उघडा पडतो

खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला ओल दिसली, रंगाचे पोपडे सुटले, की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो. आणि पहिला फोन जातो वरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, ज्याचा त्या बाथरूमच्या बांधकामाशी काडीचा संबंध नाही. मालक म्हणतो तुम्ही पाणी सांडता, राहणारा म्हणतो घर तुमचं. मसुद्यातलं नुकसानभरपाईचं कलम दोघेही आपापल्या बाजूने ओढतात.

आधी कारण शोधावं, पैशांचं नंतर. कारण शोधण्याचा क्रम साधा आहे. खाली टपकणं चोवीस तास सारखंच चालू असेल, तर भिंतीतली कन्सील्ड पाण्याची लाइन संशयित. त्या बाथरूमचा कॉक 24 तास बंद ठेवा. ओल कमी झाली तर लाइनच. फक्त आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी वाढत असेल, तर फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅपचा (फरशीतलं पाणी जिथून बाहेर जातं त्याचा) जोड. फ्लशनंतर वाढत असेल तर कमोडचा जोड. पाऊस पडल्यावरच येत असेल तर बाहेरची भिंत, डक्ट किंवा डाउनटेक पाइप, आणि मग तो प्रश्न सोसायटीचा.

फरशीचा संशय असेल तर पाणी साठवून चाचणी करतात. नहाणी ट्रॅपच्या तोंडाला प्लग किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कापडी बोळा घट्ट बसवायचा, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पातळीला पेन्सिलची खूण करायची आणि 48 तास ठेवायचं. पाणी खुणेच्या खाली गेलं आणि खालची ओल वाढली तर पाणी फरशीतून उतरतं आहे. पातळी टिकली आणि तरी आंघोळीनंतर खाली ओल येते, तर दोष बुचाच्या खाली, म्हणजे ट्रॅपच्या जोडात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ट्रॅपचा जोड गळत असताना वरून फरशीचे सांधे कितीही भरले तरी पैसे वाया जातात.

सांधे भरायचे तर व्हाइट सिमेंटने नव्हे. ते आकसतं, चिरतं आणि साबण-ॲसिडच्या पाण्यात धुऊन जातं. जुना भराव तीन-चार मिलिमीटर खोल खरवडून, सांधे पूर्ण कोरडे करून दोन भागांचा इपॉक्सी ग्राउट भरावा लागतो आणि निदान 24 तास पाणी लागू द्यायचं नाही. फरशीवर बोटाच्या पेराने टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल तर हा उपाय टिकणार नाही, कारण फरशीखालचा थरच सुटलेला असतो. मग पूर्ण फोडकाम: फरशी, कोबा काढून स्लॅबपर्यंत जाणं, ट्रॅप आणि पाइप बदलणं, पॉलिमर-सिमेंटचे दोन आडवे-उभे हात मारणं आणि भिंतीवर निदान फूटभर वर नेणं, पुन्हा 48 तास पाण्याची चाचणी, मग नवा कोबा आणि फरशी. एका बाथरूमला आठ ते बारा दिवस सहज जातात. चाचणी वगळून तीन दिवसांत करून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये.

आता खर्च. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये वाटणी स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरच्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन, पावसाच्या पाण्याची गळती, मुख्य स्विचपर्यंतची वीज, आणि गच्चीच्या गळतीने सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचा पडलेला प्लास्टर, हे सोसायटीच्या खर्चाने. संडास-सिंक वगैरेंची आतली गळती संबंधित फ्लॅटधारकांनी आपसात, सोसायटीने मध्यस्थी करायची. इथे "फ्लॅटधारक" म्हणजे सभासद, म्हणजे मालक. राहणारा सभासद नाही, म्हणून सोसायटीकडे दुरुस्तीचा अर्ज त्याच्या नावाने चालत नाही. गच्ची गळत असेल तरी मालकाने अर्ज केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. मालक बंगळूरला किंवा परदेशात असेल तर हे महिनोन्महिने लोंबकळतं, आणि करारात मुदत नसल्यामुळे काही बोलता येत नाही.

म्हणून इतर अटींच्या जागेत एजंटकडून हा मजकूर टाइप करून घ्यावा (परवाना देणारा म्हणजे मालक, मासिक शुल्क म्हणजे भाडं):

"भिंत, छत, फरशीखालील व भिंतीतील पाइप, वायरिंग, ड्रेनेज व वॉटरप्रूफिंग यांची दुरुस्ती परवाना देणाऱ्याने स्वखर्चाने करावी. परवानाधारकाने बिघाड फोटोसह व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर कळवल्यापासून पाणी-वीज बंद असल्यास 48 तासांत व इतर दुरुस्ती 15 दिवसांत सुरू करावी. सोसायटीच्या अखत्यारीतील दुरुस्तीचा अर्ज 7 दिवसांत करावा. मुदतीत काम सुरू न झाल्यास परवानाधारकाने बिलासह दुरुस्ती करून तो खर्च पुढील मासिक शुल्कातून वजा करावा. दुरुस्तीमुळे बाथरूम किंवा खोली वापरता न आल्यास त्या दिवसांचे शुल्क उभयतांनी ठरवलेल्या प्रमाणात कमी करावे. परवानाधारकाने दुरुस्तीसाठी जागा उपलब्ध करून द्यावी."

शेवटचं वाक्य मालकाच्या बाजूचं आहे आणि तेवढंच गरजेचं. पोकळ फरशी फोडायची म्हटल्यावर, वन बीएचके मधलं एकमेव बाथरूम दहा दिवस बंद ठेवायला राहणारा तयार होत नाही, आणि खालच्या घराचं छत गळत राहतं. प्रमाण आधीच ठरवलं तर हा तिढा सुटतो: एकच बाथरूम असेल तर त्या दिवसांचं पूर्ण शुल्क माफ, दोनपैकी एक बंद असेल तर दिवसाच्या शुल्काचा चौथा हिस्सा कमी, असं लिहिलेलं दोन्ही बाजूंना मान्य होतं.

फ्लॅट नवा असेल तर मालकाने एक गोष्ट विसरू नये. रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, कलम 14(3) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत ढाच्यातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. हा हक्क फ्लॅट घेणाऱ्याचा. राहणाऱ्याने कळवलेला फोटो आणि तारीख मालकाने तशीच्या तशी बिल्डरला लेखी पाठवावी आणि बाहेरचा प्लंबर बोलावून आधीच फोडाफोड करू नये. एकदा दुसऱ्याचा हात लागला की दोष कोणाचा यावर बिल्डर वाद घालतो.

फेरबदल: मालकाची परवानगी पुरेशी नसते

मसुद्यातलं फेरबदलाचं कलम इतकं व्यापक आहे की शब्दशः घेतलं तर पडद्याचा रॉड लावायलाही लेखी परवानगी लागते. प्रत्यक्षात कोणी घेत नाही, आणि सोडताना त्याच भोकांवरून डिपॉझिट कापलं जातं. काय चालेल ते मोकळेपणाने लिहून घ्यावं: पडद्याचे रॉड, ठरलेल्या भिंतीवर टीव्हीचा ब्रॅकेट, काढता येणारी मच्छरजाळी, इन्व्हर्टर, वॉटर प्युरिफायर. आणि हेही लिहावं की राहणाऱ्याने लावलेली वस्तू त्याची, सोडताना तो नेऊ शकेल, भोकं बुजवून देईल.

एसीचं प्रकरण वेगळं. स्प्लिट एसीला भिंतीतून साधारण अडीच इंचाचं भोक पाडावं लागतं, बाहेरच्या बाजूला किंचित उताराचं, नाहीतर पाणी आत येतं. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत हे सोपं आहे. पण हिंजवडी, वाकड, खराडीकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये भिंती मायवान पद्धतीच्या, म्हणजे सळईसकट ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. त्या भिंती इमारतीचा भार घेतात. त्यात कोअर कटर चालवला तर सळई तुटू शकते. अशा इमारतींत एसीसाठी बिल्डरने ठेवलेली जागा किंवा स्लीव्ह असेल तीच वापरावी, नसेल तर मालकाने सोसायटीकडून लेखी घ्यावं. वायरिंगसाठी झिरी पाडणं तर अजिबात नको, बाहेरून केसिंग-पट्टी लावावी. मोठं भोक पाडण्याआधी भिंत कसली आहे हे विचारायची तसदी पुष्कळदा एसी बसवणारे घेत नाहीत, म्हणून हे मालकाने करारातच लिहावं.

बाहेरचं युनिट, खिडकीची लोखंडी जाळी, बाल्कनीची काच, दर्शनी भागावरची कुठलीही गोष्ट सोसायटीच्या परवानगीशिवाय नाही. उपविधींप्रमाणे फेरबदलाची परवानगी सभासदाने समितीकडून घ्यायची असते, म्हणून मालकाने व्हॉट्सॲपवर "करा" म्हटलं तरी राहणारा सुटत नाही. पुण्यात तर आधी इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, ते पाहावं लागतं, कारण इथे डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणणारं घोषणापत्र) केलेल्या अपार्टमेंट्स बऱ्याच आहेत. तिथे 1970 चा अपार्टमेंट मालकी कायदा लागू होतो. इमारतीच्या मजबुतीला किंवा मूल्याला धक्का लावणारं काम त्याच्या कलम 8 प्रमाणे बाकी सर्व मालकांच्या एकमताशिवाय करता येत नाही. निगडी प्राधिकरणात जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असली तरी नळ आणि छतं दुरुस्त करायला पट्टा देणारी सरकारी संस्था येत नाही. ते काम तिथेही सोसायटी आणि सभासदांचंच.

पाइप गॅस असेल तर एमएनजीएलच्या (गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या) मीटरपुढच्या पाइपला सुताराने किंवा प्लंबरने हात लावू नये. ट्रॉलीचं काम करताना पाइप लाकडात बंद करून टाकण्याची सवय धोक्याची आहे, कारण गळालेला गॅस कपाटात साठतो आणि व्हॉल्व्ह हाताला लागत नाही. लाइन हलवायची तर कंपनीकडे अर्ज करायचा, आणि तो ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याने.

दुसरी अनुसूची

या सेवेतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाया जाणारा भाग हाच. अनुसूचीत वस्तूचं नाव आणि नग भरता येतात, आणि एजंट "पंखे 4, ट्यूब 5, गिझर 1" एवढं टाकून मोकळा होतो. तीच ओळ "गिझर 1, 15 लिटर, 2019 चा, चालू, तळाला गंज" अशी टाइप केली तर सोडताना वाद उरत नाही. किचन ट्रॉलीचे चॅनल अडकतात का, हॉलच्या कोणत्या भिंतीला ओल आहे, कोणत्या काचेला तडा आहे, मेन दाराच्या किती चाव्या दिल्या, हे सगळं याच जागेत बसतं. फोटो वेगळे काढून ताबा घेतल्याच्याच दिवशी एकमेकांना ईमेल करावेत. त्यात वीजमीटरचं रीडिंग, बाथरूमचं छत, सिंकखालचा भाग आणि कपाटांचे आतले कोपरे असलेच पाहिजेत. हॉलच्या चारही भिंतींचे सुंदर फोटो असतात, पण वाद नेहमी सिंकखाली होतो.

डिपॉझिट परत करण्याबाबत एवढं वाढवून घ्यावं: ताबा परत दिल्यावर दोघांनी मिळून अनुसूचीप्रमाणे पाहणी करायची, कपात करायची असेल तर वस्तूनिहाय आणि बिल दाखवून, उरलेली रक्कम त्याच दिवशी किंवा जास्तीत जास्त सात दिवसांत. रंगाचं वेगळं लिहावं. मसुद्यात नेहमीच्या वापराची झीज वगळलेली आहेच, त्यामुळे दोन-तीन वर्षं राहिलेल्या माणसाकडून सरसकट पूर्ण घराच्या रंगाचे पैसे कापणं मसुद्याच्याच विरुद्ध जातं. मालकाला रंगाचा खर्च हवाच असेल तर ठरावीक रक्कम आधी लिहावी आणि मग तीच अंतिम.

सेवा देणाऱ्यांबद्दल

घरपोच सेवा देणाऱ्या एजंटांचा दर्जा एकसारखा नाही. चांगला एजंट थंब घेण्याच्या आदल्या दिवशी मसुदा पाठवतो, वाढीव अटी विनातक्रार टाइप करतो आणि मिळकतीचं वर्णन इंडेक्स टू वरून (मालकाच्या नोंदणीकृत दस्ताच्या उताऱ्यावरून) तपासतो. वाईट एजंट दारात उभा राहून स्क्रीन दाखवतो आणि "हे स्टँडर्ड असतं, सगळ्यांचं असंच असतं" म्हणतो. अटी वाढवता येत नाहीत असं कोणी सांगितलं तर दुसरा एजंट बघावा. आधार, अंगठा आणि वेबकॅमवरचा फोटो झाला की बदल करायची वेळ गेली. त्यानंतर साधी चूकसुद्धा वेगळ्या दस्ताने दुरुस्त करावी लागते, त्याचा खर्च आणि खेप वेगळी.

नूतनीकरणाच्या वेळी तर हमखास जुनीच फाइल उघडून फक्त भाडं आणि तारखा बदलल्या जातात. त्यामुळे गेल्या मुदतीत मालकाने बदललेला गिझर अनुसूचीत जुनाच राहतो, राहणाऱ्याने स्वखर्चाने बसवलेली मच्छरजाळी मालकाच्या यादीत जाते, आणि मधल्या काळात झालेल्या वॉटरप्रूफिंगचा, त्याच्या हमीच्या मुदतीचा कुठेच उल्लेख नसतो. नूतनीकरणाचा मसुदा आला की भाड्याचा आकडा पाहण्याआधी दुसरी अनुसूची उघडून घरात फिरत फिरत ओळ न् ओळ जुळवावी; दोन बीएचकेला अर्धा तास लागतो.